मॉडेलमधलं व्हॅलिडेशन: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नवीन सहकाऱ्याचा कोड तपासायला आला की मी आधी मॉडेलची फाइल उघडते. मॉडेल म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलाचं कोडमधलं रूप, आणि व्हॅलिडेशन म्हणजे आत येणारा डेटा नियमांत बसतो का याची तपासणी. ब्राउझरमधली तपासणी ही वापरणाऱ्याची सोय आहे. कुणी कर्लने, म्हणजे ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवणाऱ्या कमांडने, थेट रिक्वेस्ट पाठवली की ही तपासणी आडवी येतच नाही. म्हणून नियम सर्व्हरवर हवेत, हे बहुतेकांना माहीत असतं. ते नियम नेमके कधी चालतात, हे मात्र फार थोडे जण तपासून बघतात.

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एक प्रयोग जरूर करा. वयाच्या साध्या इंटिजरफील्डला (पूर्णांकाच्या रकान्याला) किमान 0 चा व्हॅलिडेटर, म्हणजे तपासणीचा नियम, लावा, शेल (कमांड लिहायची खिडकी) उघडा, वय उणे 5 द्या आणि सेव्ह करा. काहीही तक्रार न होता ती नोंद टेबलात जाते! कारण जँगोचं सेव्ह व्हॅलिडेटर चालवत नाही. ते काम फुल_क्लीन या मेथडचं. मॉडेलफॉर्म, म्हणजे मॉडेलवरून बनणारा फॉर्म, ती आपणहून बोलावतो, त्यामुळे फॉर्ममधून आलेला डेटा तपासला जातो आणि आयात स्क्रिप्टमधून आलेला तसाच आत शिरतो. रेल्स या रूबीच्या वेब फ्रेमवर्कमध्ये सेव्ह नियम तपासतं, पण अपडेट_कॉलम, अपडेट_ऑल आणि इन्सर्ट_ऑल ते टाळून पुढे जातात. शिवाय नियम मोडला तर साधं सेव्ह फक्त फॉल्स परत देतं. स्क्रिप्टमध्ये उद्गारचिन्हवालं सेव्ह वापरा, म्हणजे एरर तिथल्या तिथे समोर येते.

सगळ्यात जास्त वेळ मी युनिकनेसवर घालवते. एकच ईमेल दोनदा नको, म्हणून रेल्स आधी सिलेक्ट करून (टेबलात शोधून) बघतं आणि मग इन्सर्ट करतं (नोंद घालतं). दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोघींनाही तो ईमेल टेबलात दिसत नाही आणि दोन्ही नोंदी पडतात. मॉडेलमध्ये कितीही नियम लिहा, ही फट बुजत नाही. ती बुजवतो डेटाबेसमधला युनिक इंडेक्स, जो तेच मूल्य दुसऱ्यांदा स्वीकारत नाही. मॉडेलची तपासणी माणसाला नीट संदेश देण्यासाठी, खात्री डेटाबेसकडून, अशी वाटणी मनात पक्की ठेवा. इंडेक्समुळे येणारी एररही पकडा आणि तिथेही तोच संदेश दाखवा. ईमेलमधल्या कडेच्या मोकळ्या जागा आणि लहान-मोठी अक्षरं मात्र आधीच एकसारखी करून घ्या, नाहीतर इंडेक्सला ते दोन वेगळे पत्ते वाटू शकतात.

रेल्समध्ये बुलियनला (हो किंवा नाही साठवणाऱ्या रकान्याला) प्रेझेन्स, म्हणजे ‘रिकामं नको’ हा नियम, लावू नका. फॉल्स हे रिकामं धरलं जातं. तिथे इन्क्लूजन, म्हणजे ‘ठरलेल्या यादीतलंच मूल्य हवं’ हा नियम, वापरा.

नावांवर रेजेक्स (अक्षरांचा साचा तपासणारं सूत्र) लावायचा मोह तर टाळाच. पायथॉनच्या रेजेक्समधला बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ ही खूण, काना-मात्रा-वेलांट्या अक्षरांत धरत नाही. त्यामुळे वरवर निरुपद्रवी दिसणारा नियम ‘अनिता’ हे नाव नाकारतो. आपलं स्वतःचं नाव ‘अवैध’ आहे असं कुणालाही वाचावं लागू नये, याची मला मनापासून काळजी वाटते. नाव रिकामं नाही आणि लांबी मर्यादेत आहे, एवढी तपासणी पुरते.

चालू ॲप्लिकेशनमध्ये नवा नियम घालताना जुन्या नोंदींकडे बघा. फोन नंबर आजपासून सक्तीचा केलात, तर ज्यांच्या नोंदीत तो नाही त्यांना नुसता पत्ता बदलतानाही एरर येऊ शकते. डिप्लॉय करण्याआधी (बदल सर्व्हरवर चढवण्याआधी) नियमात न बसणाऱ्या नोंदी शोधणारी छोटी स्क्रिप्ट चालवा, आणि त्यांचं काय करायचं ते टीमसोबत आधी ठरवा.