छपर आधी, खोल्या नंतर: कोकणातील घराचा आराखडा संगणकावर कसा काढावा

घराचा आराखडा काढण्याचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले, की समोर चौकटी आखलेला सपाट कागद येतो आणि पहिली भिंत ओढायची सोय तयार असते. माणूस साहजिकच दिवाणखान्यापासून सुरुवात करतो, मग स्वयंपाकघर, मग दोन खोल्या, आणि तासाभरात घर उभे राहिल्यासारखे वाटते. पनवेलच्या सपाटीवरील इमारतीतील सदनिकेसाठी ही रीत चालून जाते. गुहागर, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडच्या घरासाठी मात्र ती उलटी पडते, कारण तिथे जमीन उतरती असते, भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या घडीव ठोकळ्यांची असते, वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि घराचा आकार खोल्यांपेक्षा छपरावरच अधिक ठरतो. म्हणून जमीन, पाणी, छपर आणि त्यानंतर खोल्या असा क्रम या लेखात धरला आहे. वडिलोपार्जित घर दुरुस्त करू पाहणाऱ्यांना किंवा आगरात नवे घर बांधण्याआधी आपल्या मनातले इंजिनिअरसमोर नीट मांडू इच्छिणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

सॉफ्टवेअरची निवड

निवडीत फार वेळ घालवू नये. ‘स्वीट होम थ्रीडी’ मोफत आहे, मुक्त स्रोताचे आहे, साध्या लॅपटॉपवर चालते आणि एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. आषाढात दिवसदिवस वीज आणि नेटवर्क दोन्ही गायब असणाऱ्या गावात हा शेवटचा गुण पहिल्या क्रमांकाचा ठरतो. छपराच्या बाबतीत मात्र ते कमजोर आहे. पाखे, म्हणजे उतरत्या बाजू असलेले छपर उभे करण्यासाठी ‘स्केचअप’ अधिक सोयीचे असून त्याची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती घरगुती कामाला पुरते. फक्त रेघांचे, मापांचे काम करायचे असेल तर ‘लिब्रेकॅड’ हेही मोफत आहे, पण ते शिकायला थोडा धीर लागतो. तळमजल्याचा आराखडा पहिल्यात आणि छपर दुसऱ्यात, ही विभागणी नवख्या माणसाला सर्वांत कमी त्रासाची जाते.

काम सुरू करण्यापूर्वी पसंतींमध्ये (प्रेफरन्सेस) जाऊन दोन गोष्टी बदलाव्यात. पहिली म्हणजे मोजमापाचे एकक. गवंडी, सुतार आणि घरची माणसे फूट-इंचांत बोलतात, तर परवानगीचे नकाशे मीटरमध्ये लागतात. आराखडा एका एककात काढून शेवटी दुसऱ्यात छापता येतो, पण मध्येच सरमिसळ करू नये. विशेषतः दशांश फुटांचा घोळ टाळावा, कारण साडेदहा फूट म्हणजे १०.५ आणि १० फूट ६ इंच हेही १०.५ च, ते १०.६ असे टाइप केले तर भिंत एक इंचाहून अधिक लांबते आणि चार खोल्या ओलांडेपर्यंत कोपरा जुळेनासा होतो. दुसरी गोष्ट भिंतीची जाडी. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेली जाडी पातळ पार्टिशनची असते. चिऱ्याची भिंत तिच्या कितीतरी पट जाड असते, आणि चिऱ्याचे माप खाणीगणिक बदलते. म्हणून जो चिरा आणायचा त्याची लांबी, रुंदी, उंची प्रत्यक्ष मोजून, दोन्ही बाजूंचा गिलावा त्यात मिळवून ती जाडी भरावी. जाडी चुकली की आतल्या खोल्या कागदावर ऐसपैस दिसतात आणि चौथरा आखताना अंग चोरतात.

मोजणी

जुने घर असेल तर एका खोलीच्या भिंती मोजून भागत नाही, कारण जुन्या घरांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजावेत. ९ बाय १२ फुटांची खोली खरोखर काटकोनी असेल तर तिचा कर्ण बरोबर १५ फूट भरतो. दोन कर्णांत चार बोटांचा फरक आला तर खोली तिरकी आहे आणि ती तशीच तिरकी काढली पाहिजे. सॉफ्टवेअर भिंतीला आपोआप ठरावीक कोनात ओढते, ती सोय जुन्या घरासाठी बंद ठेवावी. मापे घेताना एका कोपऱ्यापासून टेप न हलवता दार, खिडकी, कोनाडा, पुढची भिंत अशी वाढत जाणारी मापे लिहावीत, म्हणजे तुकड्यातुकड्यांतील चुका साठत नाहीत.

जागेसाठी सातबारा पुरत नाही. त्यावर क्षेत्र असते, हद्दीचा आकार नसतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळणारा मोजणीचा नकाशा सपाट ठेवून स्कॅन करावा आणि तो पार्श्वचित्र म्हणून आत घ्यावा. त्यावर माहीत असलेल्या लांबीची एक रेघ ओढून तिची खरी लांबी भरली की संपूर्ण नकाशा प्रमाणात बसतो. ही रेघ शक्य तितकी लांब, म्हणजे हद्दीची एक पूर्ण बाजू घ्यावी. लहान रेघेवरून प्रमाण बसवले तर तिच्यातली किंचित चूक दूरच्या टोकाला कित्येक फुटांची होते. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो या कामाला निरुपयोगी असतो.

हद्द बसली की गडगा (दगडी कुंपण), पाखाडी (दगडी पायवाट), विहीर, मोठी झाडे, विजेचे खांब आणि शेजारच्याची विहीर आधी दाखवून घ्यावी. पारदर्शक नळीत पाणी भरून जागेच्या चार-पाच ठिकाणची पातळी घ्यावी आणि ते आकडे आराखड्यावर लिहून ठेवावेत. वरचा आणि खालचा कोपरा यांत पाच फुटांचा फरक असेल तर एका बाजूला जोते दीड फुटाचे आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा फुटांचे येते, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जिरतो. घर चार फूट वर सरकवले किंवा उताराला आडवे केले तर हा फरक किती कमी होतो, हे संगणकावर पाहायला काहीच पडत नाही.

विहिरीभोवती १८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान तेवढा लांब असावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे, आणि भेगाळ, सच्छिद्र जांभ्यात सांडपाणी लांबवर झिरपत असल्यामुळे इथे तो हलक्यात घेण्यासारखा नाही. दहा गुंठ्यांची जागा चौरस धरली तर तिची बाजू सुमारे ३२ मीटर भरते. विहीर मधोमध असेल तर त्या वर्तुळाबाहेर फक्त चार कोपरे उरतात, आणि त्यांतलाही एखादा शेजारच्या विहिरीच्या वर्तुळात सापडतो. न्हाणीघर आणि संडास घराच्या कोणत्या अंगाला असावेत, याचा निर्णय बहुधा इथेच होऊन जातो.

छेद

आता छपर. वरून पाहिलेल्या आराखड्यात छपर दिसतच नाही, आणि थ्रीडी चित्रात ते इतके देखणे दिसते की त्यातली चूक दिसत नाही. या दोहोंच्या मध्ये जो नकाशा आहे तो छेद, म्हणजे घर सुरीने उभे कापल्यावर दिसेल ते चित्र, आणि माझ्या मते हौशी माणसाने एकच नकाशा काळजीपूर्वक काढायचा असेल तर तो हाच काढावा. ‘स्केचअप’मध्ये छेदाची पातळी लावता येते, ‘स्वीट होम थ्रीडी’मध्ये वेगळी फाइल उघडून साध्या रेघांनी तो काढता येतो.

एक उदाहरण घेऊ. माजघराच्या भिंतीचा माथा ९ फुटांवर आहे, मंगलोरी कौलांसाठी ३० अंशांचा उतार धरला आहे, त्याच उतारात पुढे ६ फूट रुंदीची पडवी काढली आहे आणि तिच्यापुढे २ फुटांची वळचण आहे. ३० अंशांवर प्रत्येक फुटाला छपर सुमारे ७ इंच उतरते. त्यामुळे पडवीच्या खांबापाशी छपर साडेपाच फुटांवर येते आणि पागोळ्या गळतात तिथे ४ फूट ४ इंचांवर. तळाच्या आराखड्यात ही पडवी अगदी निर्दोष दिसते, पण उंच माणसाला तिच्यात ताठ उभे राहता येणार नाही आणि पाहुण्याचे कपाळ पहिल्याच भेटीत वाशावर आपटेल. आता भिंतीचा माथा ११ फुटांवर नेला आणि पडवीची जमीन सहा इंच खाली घेतली, तर पागोळीखाली ६ फूट १० इंच मिळतात. त्याच वेळी भिंतीपासून १२ फूट आत असलेले आढे, म्हणजे छपराचा सर्वांत उंच कणा, जवळपास १८ फुटांवर जाते, चिरा वाढतो, लाकूड वाढते, पण पोटमाळाही मिळतो. पडवीपुरता उतार कमी करणे हा तिसरा मार्ग सुतार सुचवतात. तो स्वस्त आहे, मात्र पश्चिमेच्या बाजूला झडीचे पाणी कमी उताराच्या कौलांखाली उलटे शिरते, म्हणून तिथे तो टाळलेला बरा.

वळचण किती काढावी यावर पाऊस आणि वारा यांचे एकमत होत नाही. भिंत कोरडी राहावी म्हणून ती लांब हवी आणि वाऱ्याने खालून उचलू नये म्हणून ती आखूड हवी. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या भागांत असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. अडीच-तीन फुटांच्या आत वळचण ठेवून त्याहून अधिक आडोसा हवा असेल तिथे खांबांवरची पडवी घ्यावी, आणि वासे भिंतीला कसे जखडायचे हे इंजिनिअरकडून ठरवून घ्यावे. त्याचे उत्तर कोणतेही घरगुती सॉफ्टवेअर देत नाही.

पाख्यांची दिशा ठरली की पाणी कुठे पडणार ते बाणांनी दाखवावे. वरून पाहता १००० चौरस फूट भरणाऱ्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि इथे तो पडतोच, तर सुमारे ९,३०० लिटर पाणी खाली येते. दोन पाखे आत मिळून जिथे पन्हळ तयार होते, तिथे हे पाणी एकवटते. इंग्रजी एल अक्षरासारखे घर चित्रात सुंदर दिसते, पण प्रत्येक आतला कोपरा म्हणजे एक पन्हळ आणि प्रत्येक पन्हळ म्हणजे पुढेमागे गळती. साधे दुपाखी किंवा चौपाखी छपर बसेल असाच घराचा आकार ठेवावा, हा माझा आग्रह आहे.

ऊन

दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये स्थान, उत्तर दिशा, तारीख आणि वेळ भरून उन्हाची दिशा पाहता येते. स्थान न भरता काढलेली सावली भलत्याच देशाची असते, हे लक्षात ठेवावे. रत्नागिरी १७ अक्षांशावर आहे आणि तिथे सूर्य माथ्यावर बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास येतो. जूनमधली सावली पाहण्यात अर्थ नाही, तेव्हा आभाळच असते. एप्रिलच्या मध्याची संध्याकाळ आणि डिसेंबरची दुपार या दोन वेळा तपासाव्यात. एप्रिलमध्ये पाच वाजता सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, सुमारे २६ अंशांवर असतो, त्यामुळे तीन फुटांची वळचण भिंतीवर जेमतेम दीड फूट सावली देते. समुद्राकडे तोंड करून मोठी काचेची खिडकी घेणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा. पश्चिमेला पडवीच हवी.

खोल्या आणि छपाई

एवढे झाल्यावर खोल्या पुष्कळशा आपोआप बसतात. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांत फर्निचर मांडताना सॉफ्टवेअरमधल्या आयत्या वस्तूंची मापे बदलून घरातल्या पलंगाची, कपाटाची खरी मापे भरावीत. गणपतीत घरात वीस माणसे जेवायला बसणार असतील तर पंगत काढून पाहावी. दुरुस्तीच्या आराखड्यात राहणारी, पाडायची आणि नवी भिंत तीन वेगळ्या रंगांत दाखवावी, म्हणजे मुंबईच्या भावंडांनाही न विचारता कळते. त्यांना स्क्रीनचा फोटो न पाठवता पीडीएफ पाठवावी, नाहीतर मापे पुसट होतात.

किनाऱ्याजवळच्या जागेसाठी भरतीरेषेचे अंतर आधी तपासावे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटर, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या गावांत ५० मीटर पट्टा ना-विकास क्षेत्र धरला जातो. परवानगीचे नकाशे परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या सहीनेच जातात. आपला आराखडा त्यांना समजावण्यासाठी असतो.

छापताना ए-३ कागदावर १:५० प्रमाण घ्यावे. त्यात २१ बाय सुमारे १५ मीटर जागा मावते. प्रिंटरमधील ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवावा आणि आराखड्याच्या कडेला ५ मीटरची पट्टी काढून ती कागदावर बरोबर १०० मिलिमीटर भरते का ते फूटपट्टीने पाहावे. गवंड्याकडे जाणाऱ्या प्रतीवर प्रत्येक भिंतीचे, दाराचे आणि खिडकीच्या तळाच्या उंचीचे माप आकड्यात लिहिलेले असावे, तारीख असावी आणि आधीच्या तारखेची प्रत त्याच्याकडून परत घ्यावी.