अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीला पती किंवा पत्नीला सोबत कधी न्यावे आणि त्याची तयारी कशी करावी

नागरिकत्वाच्या मुलाखतीचे पत्र आले की घरात प्रश्नोत्तरांची उजळणी सुरू होण्याआधीच ‘मीही यायचे का?’ हा प्रश्न उभा राहतो. ओळखीपाळखीतून मिळणारी उत्तरे बहुधा परस्परविरोधी असतात. एकाच्या पत्नीला दारातूनच प्रतीक्षालयात बसवले गेलेले असते, तर दुसऱ्याच्या पतीला आत बोलावून वीस मिनिटे प्रश्न विचारलेले असतात. दोघांचेही अनुभव खरे असतात, कारण जोडीदाराची गरज आहे की नाही हे अर्ज कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली केला आहे आणि आपल्या फाइलमध्ये आणखी काही प्रलंबित आहे का, यावर ठरते. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आपला अर्ज तीन वर्षांचा की पाच वर्षांचा, हे आधी पाहावे

एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जाच्या पहिल्याच भागात आपण कोणत्या आधारावर पात्र आहोत ते नोंदवावे लागते. पाठवलेल्या अर्जाची प्रत काढून तेथे कोणता पर्याय निवडला होता ते पाहावे.

ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाल्यावर केलेल्या सर्वसाधारण अर्जात जोडीदाराची पात्रता तपासली जात नाही. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुसंख्य मराठी कुटुंबांचा अर्ज याच प्रकारचा असतो. पती-पत्नींनी एकाच दिवशी अर्ज केले तरी ते दोन स्वतंत्र अर्ज असतात, तारखा वेगवेगळ्या येऊ शकतात आणि एकाच्या मुलाखतीत दुसऱ्याला बसवले जात नाही. अशा वेळी जोडीदाराने यावे ते गाडी चालवायला आणि धीर द्यायला. त्यातही काही कमी नाही, पण कामावर रजा मिळत नसेल तर त्यावरून घरात वाद घालू नये.

तीन वर्षांच्या अर्जाचे तसे नाही. तो अमेरिकन नागरिकाशी झालेल्या विवाहावरच उभा असतो. अर्जदाराला ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात, त्यातले किमान अठरा महिने त्याने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात, त्याच जोडीदाराबरोबर तीन वर्षे एकत्र संसार झालेला असावा लागतो, आणि तो जोडीदार ती तीनही वर्षे अमेरिकन नागरिक असावा लागतो. ही शेवटची अट फार जणांच्या नजरेतून सुटते. पतीने मार्च २०२४ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली असेल, तर लग्नाला पंधरा वर्षे झालेली असली तरी पत्नीची या नियमाखालची तीन वर्षे मार्च २०२७ मध्येच पुरी होतात. अर्ज नव्वद दिवस आधी करण्याची जी मुभा आहे ती सलग निवासाच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वर्षांच्या, कालावधीपुरती आहे. संसाराची आणि जोडीदाराच्या नागरिकत्वाची तीन वर्षे अर्जाच्या दिवशी भरलेलीच असावी लागतात.

तीन वर्षांच्या अर्जातही जोडीदाराने मुलाखतीला हजर राहिलेच पाहिजे असा सरसकट नियम नाही. तरीही त्याला न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विवाहाविषयी एखादी शंका निघाली तर माणूस तेथेच बाहेर बसलेला असणे, आणि त्याच्यासाठी पुढची तारीख मागावी लागणे, यात काही महिन्यांचा फरक पडू शकतो.

पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि आय-७५१ प्रलंबित असल्यास जोडीदाराला न्यावेच

मुलाखतीच्या पत्रात तारीख, वेळ आणि पत्ता यांच्याखाली काय आणावे आणि कोणाला आणावे हे लिहिलेले असते. जोडीदाराला घेऊन या असे त्यात म्हटले असेल तर प्रश्नच मिटला. पण तसे लिहिलेले नसतानाही एका परिस्थितीत जोडीदाराने जायलाच हवे, आणि ती परिस्थिती नीट समजून घेण्यासारखी आहे.

ग्रीन कार्ड मंजूर होताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचे, म्हणजे सशर्त मिळते. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून ही अट काढून टाकण्यासाठी आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. त्याचा निकाल लागायला बराच वेळ जातो, म्हणून सरकार कार्डाची मुदत वाढवणारे पत्र देते, आणि तेवढ्यात ग्रीन कार्डाची तीन वर्षे भरून अर्जदार एन-४०० करून मोकळा होतो. आता एकाच माणसाच्या दोन फायली चालू असतात. आय-७५१चा निकाल लागल्याशिवाय नागरिकत्व मंजूर करता येत नाही, म्हणून अधिकारी पुष्कळदा दोन्ही फायली एकाच बैठकीत हाती घेतो. आय-७५१वर सही दोघांची असते, त्यामुळे त्या अर्जाची मुलाखतही दोघांची असते. जोडीदार घरी राहिला तर नागरिकत्वाची परीक्षा उत्तम होऊनही निर्णय अडकून पडतो, आणि हे टाळणे सर्वस्वी आपल्या हातात असते.

अशा एकत्रित मुलाखतीत दोघांना एकत्र किंवा वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले जाऊ शकतात. ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण आले होते, घराचे भाडे किंवा हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, सकाळी आधी कोण घराबाहेर पडते, मागच्या सुट्टीत कोठे गेला होतात, असे हे साधे प्रश्न असतात. उत्तरे घोकून जुळवू नयेत. एकाला तारीख आठवली आणि दुसऱ्याला नाही, हे खऱ्या संसारात रोजच घडते आणि ते अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असेच सांगावे. आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून दोन्ही अर्ज एकदा वाचून काढले तर तेवढे पुरते.

कागदपत्रे दोघांची न्यावीत

जोडीदार सोबत आला म्हणून कागदांचे काम कमी होत नाही. अर्जदाराचे ग्रीन कार्ड, राज्याचे ओळखपत्र किंवा वाहन परवाना, आणि मुदत संपलेल्यांसह सगळे पासपोर्ट हे तर हवेतच. तीन वर्षांच्या अर्जात त्यांच्या जोडीला जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाहाचे प्रमाणपत्र, दोघांपैकी कोणाचा आधी विवाह झालेला असेल तर तो संपल्याचा पुरावा, आणि तीन वर्षांच्या आयकर विवरणांच्या आयआरएस या अमेरिकन आयकर खात्याकडील नकला न्याव्यात. या नकला आयआरएसच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात. विवाहित असूनही कर ‘अविवाहित’ म्हणून भरलेला असेल, तर तो प्रश्न अधिकाऱ्याने काढण्याआधी करसल्लागाराकडून दुरुस्त करून घ्यावा, कारण संसाराच्या पुराव्यात त्याइतके खटकणारे दुसरे काही नसते. संयुक्त बँक खाते, दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा गृहकर्ज, विम्यातील वारसनोंद आणि मुलांचे जन्मदाखले हेही घ्यावेत. लग्नाचा अल्बम नेण्यास हरकत नाही, पण हळदीच्या साठ फोटोंपेक्षा दोघांच्या नावाने आलेले विजेचे बिल अधिक उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील महानगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे असे भाषांतरकाराने त्यावर सहीनिशी लिहून द्यावे लागते.

आपल्याकडच्या स्त्रियांसाठी येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नावच पुढे पासपोर्टवर जाते. अमेरिकन नजरेला ही तीन शब्दांची दोन सर्वस्वी वेगळी नावे दिसतात. माझ्या मुलाखतीत अधिकाऱ्याने माझा लग्नाआधीचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही नावांखालून पेन फिरवले आणि शांतपणे विचारले, ‘यांतला एकही शब्द सारखा का नाही?’ मी विवाहाचे प्रमाणपत्र आणि राजपत्रात छापून आलेल्या नावबदलाची प्रत भाषांतरासह पुढे केली. त्याने दोन्ही वाचली, अर्जातील ‘पूर्वीची नावे’ या रकान्यावर लाल शाईने खूण केली आणि तो पुढच्या पानावर गेला. तो रकाना मी कोरा सोडला असता तर हा संवाद इतका लहान झाला नसता. म्हणून लग्नाआधीचे पूर्ण नाव अर्जात लिहिले आहे याची खात्री करावी, आणि राहिले असल्यास ते मुलाखतीत आपण होऊन सांगावे.

मुलाखतीच्या दिवशी

ठरलेल्या वेळेच्या पंधरा ते वीस मिनिटे आधी पोहोचावे. दारावर विमानतळासारखी तपासणी असते आणि आत फोन बंद ठेवावा लागतो. जोडीदारानेही स्वतःचे छायाचित्र असलेले ओळखपत्र खिशात ठेवावे. खिडकीपाशी पत्र दाखवताना आय-७५१ प्रलंबित असल्यास तेथेच, ‘माझे पतीही आले आहेत’ किंवा ‘माझी पत्नीही आली आहे’, असे सांगून ठेवावे.

नाव पुकारले की एकट्यानेच उठावे. जोडीदाराला हवे असेल तर अधिकारी तसे सांगतो. आत गेल्यावर उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ घ्यावी लागते, आणि मग इंग्रजी वाचन, लेखन व नागरिकशास्त्र यांची परीक्षा आणि एन-४००मधील प्रश्न होतात. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज केलेल्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २०पर्यंत प्रश्न विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. त्याआधीच्या अर्जदारांसाठी १०० प्रश्नांची यादी, १०पर्यंत प्रश्न आणि ६ बरोबर उत्तरे हा जुना हिशेब लागू आहे.

जोडीदाराला आत बोलावले गेले तर त्याने स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे. हे लिहायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, विशेषतः ज्या घरात बँकेपासून शाळेपर्यंतचे सगळे फोन एकच माणूस करतो तेथे. पत्नीला एखादा प्रवास आठवेना म्हणून पतीने मध्येच ‘दोन हजार बावीस, दिवाळीत’ असे सांगितले, तर अधिकारी त्याला थांबवतो आणि पत्नीची इंग्रजी समज पुन्हा तपासतो. परदेश प्रवासाच्या तारखांची यादी आधीच छापून न्यावी, म्हणजे मदतीचा मोह होणार नाही. आपसात मराठीत कुजबुजणेही टाळावे.

आईवडिलांच्या मुलाखतीत

मुलांकडे स्थायिक झालेल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत सोबत जाणारा जोडीदार दुभाष्याचे काम करील असे गृहीत धरले जाते. अर्जाच्या दिवशी वय ५० व ग्रीन कार्डाची २० वर्षे, किंवा वय ५५ व ग्रीन कार्डाची १५ वर्षे पूर्ण असतील, तर इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राची उत्तरे मराठीत देता येतात. मात्र दुभाषी सहसा आपणच न्यावा लागतो आणि अधिकारी त्याला नाकारू शकतो. बाबांची उत्तरे आईने भाषांतरित करताना थोडी ‘सुधारून’ सांगितली, असा संशयही येऊ नये म्हणून ज्याचा या अर्जाशी काही संबंध नाही अशी, दोन्ही भाषा उत्तम येणारी प्रौढ व्यक्ती न्यावी. ऐकू कमी येणे, चालता न येणे, विसरभोळेपणा यांसाठी जोडीदार जवळ हवा असेल तर तशी सोय मुलाखतीआधीच कळवून मागून घ्यावी. आजारामुळे परीक्षाच देणे शक्य नसेल तर डॉक्टरांनी भरलेला एन-६४८ हा अर्ज लागतो.

जोडीदार येऊ शकत नसेल तर

नोकरीनिमित्त एक जण दुसऱ्या राज्यात किंवा काही आठवड्यांसाठी भारतात असेल, तर नियोक्त्याचे पत्र, प्रवासाची तिकिटे आणि दरम्यानच्या संयुक्त खर्चाचे कागद न्यावेत आणि विचारल्यावर सरळ सांगावे. एकत्रित मुलाखतीला येणेच अशक्य असेल तर पत्रात दिलेल्या पद्धतीने तारीख बदलून मागावी, पण हे कारणाशिवाय करू नये.

संसारच मोडला असेल तर तो झाकण्यासाठी जोडीदाराला विनवून नेणे हा मार्ग नाही, कारण शपथेवर खोटे बोलण्याचे परिणाम अर्ज नाकारला जाण्यापेक्षा गंभीर असतात. तीन वर्षांच्या नियमाखाली विवाह शपथविधीपर्यंत टिकावा लागतो. मध्येच घटस्फोट झाला, किंवा दुर्दैवाने नागरिक जोडीदाराचे निधन झाले, तर हा आधार संपतो आणि ग्रीन कार्डाची पाच वर्षे भरल्यावर सर्वसाधारण नियमाखाली अर्ज करता येतो. अशा वेळी मुलाखतीआधी इमिग्रेशन वकिलाला भेटावे, आणि आय-७५१ प्रलंबित असेल तर त्याला तेही पहिल्याच भेटीत सांगावे.

निकालपत्र हातात आल्यावर

मुलाखतीनंतर एन-६५२ हा निकालाचा कागद मिळतो. त्यावर मंजुरीची शिफारस, निर्णय पुढे ढकलला, किंवा एखाद्या परीक्षेत अनुत्तीर्ण असे नोंदवलेले असते. अनुत्तीर्ण झाल्यास तेवढ्या भागासाठी ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात, आणि त्या फेरीला जोडीदाराला साधारणतः जावे लागत नाही. आणखी कागद मागितले असतील तर बाहेर येताच दोघांनी मिळून ती यादी वाचावी, कारण संयुक्त खात्याचे जुने उतारे कोठे ठेवले आहेत हे बहुतेक घरांत दोघांपैकी एकालाच माहीत असते.

काही कार्यालयांत मंजुरीनंतर त्याच दिवशी शपथ दिली जाते, म्हणून जोडीदाराने दुपारचे काम शक्यतो मोकळे ठेवावे. शपथविधीला घरच्यांना बसता येते, आणि ग्रीन कार्ड तेथे परत द्यावे लागते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्यामुळे त्या क्षणापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. घरी गणपतीला जाण्याची तिकिटे काढायची असतील तर एकाचा पासपोर्ट भारतीय आणि दुसऱ्याचा अमेरिकन असू शकतो हे धरून, अमेरिकन पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट जमा केल्याचे प्रमाणपत्र आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा व्हिसा यांना लागणारा वेळ आधी मोजावा आणि मगच तारीख ठरवावी.