एक पुस्तक, पाच दिवस: गोष्टीतून इंग्रजी कसं शिकवावं

सोलापुरात मराठी शाळेच्या एकाच बाकावर घरी तेलुगू, कन्नड नाहीतर दखनी बोलणारी मुलं बसतात. त्यांची इंग्रजी तिसरी-चौथी भाषा. शब्दांच्या याद्या घोकून घेण्यापेक्षा चित्रांचं एक पुस्तक आठवडाभर पुरवून वापरा.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी बघा: पानावर एक-दोन ओळी, वरचेवर येणारं एखादं वाक्य, आणि अर्थ सांगणारं चित्र. एका पानात पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक बाजूला ठेवा. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अशी पुस्तकं फुकट मिळतात. मुलं पाचवीतली असली तरी तिथल्या पहिल्याच, सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरुवात करा.

एरिक कार्ल यांचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक, ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९), यासाठी नामी. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असं शुक्रवारपर्यंत पाच संत्री. वार, आकडे, फळं एका फटक्यात होतात.

पहिल्या दिवशी फक्त चित्रं दाखवा. मुलं कुठल्याही भाषेत बोलोत. दुसऱ्या दिवशी शब्दाखाली बोट फिरवत सावकाश वाचा. ओळ न् ओळ मराठीत सांगायचा मोह आवरा. मराठी येणारच हे कळलं की मुलं इंग्रजी ऐकणं सोडून देतात. अगदी अडलेले दोन-तीन शब्द सांगा, बस्स. तिसऱ्या दिवशी परतून येणाऱ्या वाक्याशी थांबा, ते मुलांनाच पुरं करू द्या. चाळीस मुलं असतील तर दोन गट करा, नाहीतर मागच्यांना चित्रच दिसत नाही.

चौथ्या दिवशी सुरवंटाला सोलापुरी खाऊ द्या: एक पेरू, दोन पेरू, शनिवारी कडक भाकरी न् शेंगाचटणी. इथे हमखास ‘टू ग्वावा’ ऐकू येईल. मराठीत पेरू एक काय, दोन काय, पेरूच; म्हणून शेवटचा ‘ज’ गळतो. मधेच चूक काढू नका. दोन बोटं दाखवून ‘येस, टू ग्वावाज’ म्हणा आणि पुढे चला.

पाचव्या दिवशी ए-फोर कागदाच्या तीन घड्या घालून आठ चौकोन पाडा, कागद आडवा धरून मधल्या चार चौकोनांमधली आडवी रेघ कापा, दुमडा: आठ पानी पुस्तक तयार. पानाला चित्र एक, वाक्य एक. स्पेलिंग चुकलं तरी लाल पेन खिशातच राहू द्या.