सप्लाय चेनमध्ये यायचंय? आधी इनवर्डला उभे राहा

बीकॉम किंवा एमबीए करून या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसएपी (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर) शिकू की पॉवर बीआय (आकड्यांचे रिपोर्ट काढणारं)? दोन्ही शिका. पण हातात दोन ऑफर असतील, एक अंधेरीच्या ऑफिसात रिपोर्ट काढण्याची आणि दुसरी भिवंडीच्या गोदामात इनवर्डला, म्हणजे आलेला माल तपासून आत घेण्याच्या कामावर, तर भिवंडीची घ्या. पगार थोडा कमी असला तरी घ्या. ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसणारा जवळजवळ प्रत्येक आकडा कुणीतरी गोदामाच्या दारात स्कॅन केलेला किंवा टाइप केलेला असतो. तो तिथे कसा तयार होतो हे पाहिलेलं नसेल, तर रिपोर्ट कितीही देखणा काढलात तरी तो कुठे चुकतोय हे कळणार नाही.

मी औषधांच्या वितरणात काम करतो, म्हणून तिथलंच सांगतो. गाडी डॉकला, म्हणजे माल उतरवण्याच्या धक्क्याला लागते. ड्रायव्हर इन्व्हॉइस, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि ई-वे बिल (माल वाहून नेताना जीएसटीखाली लागणारा ऑनलाइन कागद) देतो. माथाडी कामगार पेट्या उतरवतात. इनवर्डचा माणूस हातातल्या स्कॅनरने प्रत्येक पेटीचं लेबल वाचतो: माल कोणता, बॅच कोणती, मुदत कधीपर्यंत, नग किती. हे बिलाशी जुळलं की जीआरएन बनतो, म्हणजे माल आपल्या ताब्यात आल्याची नोंद होते. मग वेअरहाऊसचं सॉफ्टवेअर, ज्याला सगळे डब्ल्यूएमएस म्हणतात, पेटी कोणत्या रॅकवर ठेवायची ते सांगतं. रॅकचा बारकोड स्कॅन करायचा, पेटीचा करायचा, की काम झालं.

आता जुलै महिना धरा. ताडपत्रीखालून पाणी शिरलंय, लेबल भिजलंय, स्कॅनर वाचत नाही. मागे दोन गाड्या रांगेत आहेत. मग बॅच आणि मुदत हाताने टाइप केली जाते, आणि घाईत 03/2026 चं 08/2026 होतं. औषधांत नियम असा की ज्याची मुदत आधी संपणार तो माल आधी बाहेर. सॉफ्टवेअर हा नियम इमानेइतबारे पाळतं आणि त्या पेटीच्या आधी मे-जूनचा माल काढायला सांगतं. पेटी रॅकवरच बसते आणि मुदत उलटते. यात सॉफ्टवेअर कुठेच चुकलेलं नाही. म्हणून हाताने केलेल्या प्रत्येक नोंदीवर दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते की नाही, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या 300 प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यात बॅच आणि मुदत दोन्ही असतात, त्यामुळे अशा मालाची खातरजमा करणं सोपं झालंय.

दुसरी गोष्ट साठ्याची. पुन्हा मागणी कधी लावायची, याचा हिशोब साधा आहे: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. रोज 40 पेट्या जातात, माल 5 दिवसांत येतो, राखीव 60, म्हणजे साठा 260 वर आला की ऑर्डर सुटली पाहिजे. सिस्टीममध्ये 300 दिसतायत आणि रॅकवर प्रत्यक्षात 220 आहेत, तर ऑर्डर वेळेत सुटतच नाही. पाच-सहा दिवसांनी केमिस्टचे फोन सुरू होतात. मग घाबरून दुप्पट माल मागवला जातो, आणि औषध बनवणाऱ्या कंपनीला वाटतं की खप वाढला. हे टाळायला रोज थोडे रॅक मोजायचे, जास्त खपाचा माल वारंवार, बाकीचा कधीतरी. वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवून सगळी मोजणी करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर पाठवण्याच्या कामाला गेलात तर ई-वे बिलाचे नियम पाठ करा. साधारणपणे 50,000 रुपयांवरच्या मालाला ते लागतं; महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. भिवंडीजवळच्या आमण्यापासून समृद्धी महामार्गाने नागपूर 701 किलोमीटर, म्हणजे चार दिवस. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये, जिथे गाडीचा तपशील असतो, नवा गाडी नंबर टाकावाच लागतो. पहिल्या महिन्यात रात्री येणारे बरेचसे फोन याच कारणासाठी असतात.

गाडी कुठे पोचली ते जीपीएसवर दिसतं, टोलनाक्यावरच्या फास्टॅगच्या नोंदीवरूनही कळतं. न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिप) असतात, आणि 2016 पासून लॉजिस्टिक्स डेटा बँक या ऑनलाइन सेवेत नंबर टाकून कंटेनरचा माग काढता येतो. तरीही ड्रायव्हरशी नीट बोलता आलं पाहिजे. भिवंडीजवळच्या मानकोलीला गाडी थांबलेली नकाशावर दिसते, पण ट्रॅफिकमुळे की टायर फुटल्यामुळे, हे तोच सांगतो.

मागणीचा अंदाज बांधणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरचं सध्या फार कौतुक चाललंय. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण त्यांना आपलं पंचांग शिकवावं लागतं. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. मिठाई किंवा पूजासाहित्याचा ऑगस्ट नुसता मागच्या ऑगस्टवर बेतला असता, तर 2025 च्या ऑगस्टमध्ये दुकानं रिकामी राहिली असती. मुंबईत वाढलेल्या मुलामुलींना हे न सांगता कळतं, आणि तुमची ही जाण प्लॅनिंगच्या टीमला खरोखर हवी असते. बिनधास्त बोला.

तयारी म्हणून एक्सेल पक्कं करा, विशेषतः पिव्होट टेबल (लांब यादीचा गटवार गोषवारा काढण्याची सोय) आणि दोन याद्या जुळवून फरक काढणं. मुलाखतीत प्रत्यक्ष साठा आणि सिस्टीमचा साठा जुळत नसेल तर काय कराल, असं हमखास विचारतात. उत्तर क्रमाने द्या: आधी पुन्हा मोजेन, मग शेजारचे रॅक बघेन, मग त्या मालाच्या शेवटच्या इनवर्ड आणि आउटवर्डच्या नोंदी काढेन, आणि गाडीत भरलेला पण सिस्टीममधून न निघालेला माल आहे का ते तपासेन. शेवटी तुम्हीही विचारा: इथे मोजणी रोज होते का, आणि शेडमध्ये नेटवर्क गेलं तर स्कॅनरमधल्या नोंदी टिकतात का.