गंधकयुक्त अमिनो आम्लांचे विद्युत-रासायनिक मापन: या चुका टाळा

सोन्याच्या इलेक्ट्रोडवर सिस्टीन या अमिनो आम्लाचा पहिला आलेख (विभव, म्हणजे विद्युतदाब, बदलत नेल्यावर प्रवाह कसा बदलतो ते दाखवणारा) सुरेख येतो, दुसरा जरा बसका होतो आणि चार-पाच फेऱ्यांत शिखर ओळखू येईनासे होते. अशा वेळी द्रावण बिघडले असे समजून ते पुन्हा तयार करत बसणे ही बहुतेकांची पहिली चूक असते. दोष बहुधा पृष्ठभागाचा असतो. सिस्टीनमधील थायॉल गट (गंधक-हायड्रोजनचा -SH गट) सोन्याला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिडीकरणातून निघालेले पदार्थही तिथेच साचतात, त्यामुळे ज्या ओढीने पहिला संकेत मिळाला तीच पुढचा संकेत दाबते.

नुसत्या पाण्याने हा थर निघत नाही. इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रोमीटरच्या ॲल्युमिनाने घासून अडकलेले कण अल्ट्रासॉनिक कंपनांनी काढावेत, मग ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात लागोपाठचे आलेख एकमेकांवर बसेपर्यंत विभवाची आवर्तने द्यावीत, आणि गोल्ड ऑक्साइडच्या क्षपणाचे (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेचे) शिखर नेहमीच्या जागी व नेहमीच्या उंचीचे दिसल्यावरच नमुन्याला हात घालावा. संदर्भ इलेक्ट्रोडमधून झिरपणारे क्लोराइड इथे घातक ठरते, कारण धन विभवाला ते सोनेच विरघळवते. वाहत्या द्रावणातील मापनात दर वेळी घासणे शक्य नसते. तिथे एकाच स्थिर विभवाचा हट्ट सोडून स्पंदित अँपेरोमेट्री वापरावी, जिच्यात प्रत्येक मापनानंतर अधिक धन विभवाने थर काढला जातो आणि ऋण विभवाने ऑक्साइड क्षपित होऊन धातू पुन्हा उघडा पडतो.

द्रावण नेहमीच निर्दोष असते असेही नाही. उदासीन किंवा अल्कधर्मी द्रावणात तांबे वा लोह यांचा अंश असला, की हवेतील ऑक्सिजनने सिस्टीनचे सिस्टाइन, म्हणजे दोन सिस्टीनांची जोडी, होते (नावे इतकी सारखी, की बाटलीवरचे लेबल दोनदा वाचलेले बरे). म्हणून द्रावण आम्लयुक्त, ताजे आणि ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारे रसायन) घातलेले असावे. थायॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे थायॉल गट प्रोटॉन सोडतात) सुमारे ८.३ असल्याने पीएच बदलताच शिखरही सरकते. अंशांकन (ज्ञात द्रावणांवरून केलेली जुळवणी) आणि नमुना यांचे बफर एकच हवे. सिस्टाइनमध्ये मोकळा थायॉल नसतो, तेव्हा सोने-पारा इलेक्ट्रोडवर ते मोजण्यापूर्वी प्रवाहात आधी बसवलेल्या इलेक्ट्रोडवर त्याचे क्षपण करावे लागते, आणि त्या ऋण विभवाला विरघळलेला ऑक्सिजनही प्रवाह देतो. तो आधी काढून टाकावा.

मेथिओनिनला सिस्टीनची कृती जशीच्या तशी लावू नये: ते थायोईथर आहे (त्यातला गंधक दोन कार्बनांना जोडलेला असतो, मोकळा थायॉल नसतो), त्याला अधिक धन विभव लागते. जैविक नमुन्यांत ॲस्कॉर्बिक आणि यूरिक आम्लाचे शिखर मोजायच्या शिखरावर चढले असेल, तर प्रमाणित भर पद्धतीवर (नमुन्यातच ज्ञात प्रमाणात घटक घालून मोजण्यावर) विसंबू नये. ती संवेदनशीलतेतील फरक सुधारते, परक्या पदार्थाचा प्रवाह वजा करत नाही, त्यासाठी घटक आधी वेगळे करावे लागतात.