ॲक्युपंक्चर शिकायला निघालात? बिंदू नंतर, जीभ आधी

बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) करून ॲक्युपंक्चरकडे वळणाऱ्यांना (मीही त्यातलीच) पहिला मोह होतो तो जोड्या लावण्याचा. 'ची' (चिनी वैद्यकातली जीवनशक्ती) म्हणजे आपला प्राण, त्यांची पाच तत्त्वं म्हणजे आपली पंचमहाभूतं. हा मोह आवरा. चिनी पाचांत आकाश नाही, वायू नाही. लाकूड आणि धातू आहेत. शिवाय ती द्रव्यं नव्हेत, बदलाच्या अवस्था आहेत. लाकूड अग्नीला पोसतं, अग्नी मातीला, माती धातूला, धातू जलाला आणि जल पुन्हा लाकडाला. एक सोडून पुढच्याला मात्र प्रत्येक जण आवरतो. हे चक्र हातानं काढून काढूनच डोक्यात बसतं.

मग येतात झांग-फू, म्हणजे अवयव. शवविच्छेदन केलेल्या माणसाला इथे ठेच लागतेच. त्यांची प्लीहा अन्नातून ची आणि रक्त तयार करते. 'सान-जियाओ' नावाचा अवयव तर चिरफाड करून सापडतच नाही. नाव अवयवाचं असलं तरी समजून घ्यायची ती कामं.

बहुतेक जण ३६१ बिंदू, म्हणजे सुया टोचायच्या जागा, पाठ करायला बसतात. माझ्या मते हा उलटा क्रम. आधी आठ कसोट्या पक्क्या करा: यिन (शांत, थंड बाजू) की यांग (सक्रिय, उष्ण बाजू), आत की बाहेर, थंड की उष्ण, उणीव की अतिरेक. मग दिसेल त्याची जीभ बघा. टोक हृदयाचं, कडा यकृताच्या, मधला भाग प्लीहा-जठराचा, मूळ मूत्रपिंडाचं.

डोकेदुखीच घ्या. एकीची कानशिलं ठणकतात, चिडचिड होते, जिभेच्या कडा लाल. इथे यकृताचं यांग वर उसळलंय, ते खाली आणायचं. दुसरीचं डोकं पाळीनंतर मंद दुखतं, चक्कर येते, जीभ फिकी. हिच्या रक्तात उणीव आहे, ती भरून काढायची. तक्रार एकच, पण बिंदू वेगळे. या निदानाला 'बियान-झेंग' म्हणतात आणि सगळी विद्या इथेच आहे.

नाडीची घाई नको. आपल्याकडे तीन बोटांखाली वात-पित्त-कफ. तिथे डाव्या मनगटावर हृदय, यकृत, मूत्रपिंड, तर उजव्यावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. चिनी वैद्य ली शि-झेन यांनी सोळाव्या शतकात २७ प्रकारच्या नाड्या वर्णिल्या. सुरुवातीला वरवरची-खोल, मंद-जलद एवढं कळलं तरी पुष्कळ.

अंतर मोजायचं ते रुग्णाच्याच बोटांनी. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक 'त्सुन', चार बोटं म्हणजे तीन. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेर एक बोट, की 'झू-सान-ली' हा बिंदू सापडला.

ची किंवा तिच्या वाहिन्या कुठल्याही यंत्रात दिसत नाहीत. रुग्णानं विचारलं तर तसं सरळ सांगावं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा कोर्सची फी भरण्याआधी नोंदणीचे नियम वाचा. आणि कुणाचं डोकं अचानक, पूर्वी कधीच दुखलं नाही इतकं दुखायला लागलं, तर जीभ बघत बसू नका. आधी हॉस्पिटलला पाठवा.