हॅरोला राहायला येताय? आधी हे वाचा

आजकाल बरेच जण भारतातून निघायच्या आधीच लंडनमधल्या हॅरोचं नाव पक्कं करून येतात, कोणीतरी सांगितलेलं असतं की तिकडे आपली माणसं भरपूर, ट्रेन सोयीची, शाळा चांगल्या. सांगणारा खोटं बोलत नाही. पण पोस्टकोड एचए ने सुरू होतोय म्हणजे घर हॅरो काउन्सिलमध्येच (काउन्सिल म्हणजे इथली नगरपालिका), असं धरून भाड्याच्या करारावर सही करू नका.

केंटन रोडचंच बघा ना. रस्त्याच्या उत्तरेला हॅरो, दक्षिणेला ब्रेंट, आणि एचए३ दोन्हीकडे सापडतो. समोरासमोरच्या घरांचा कचरा वेगवेगळ्या काउन्सिलच्या गाड्या उचलतात. एचए४ म्हणजे रायस्लिप, ते हिलिंग्डनमध्ये. एजवेअर तर तीन बरोंमध्ये (बरो म्हणजे लंडनमधल्या एका काउन्सिलचा भाग) वाटलं गेलंय. नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या पत्त्यात हॅरो लिहितात पण जागा ब्रेंटची. पोस्टाने आपल्या सोयीने कोड पाडले, काउन्सिलच्या हद्दी त्याच्याही आधीपासूनच्या, दोघांचा मेळ बसणार कसा. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की काउन्सिलचं नाव येतं, हद्दीवरचा पत्ता असेल तर पूर्ण पत्ता निवडा, मिनिटाचं काम आहे.

याने फरक काय पडतो? काउन्सिल टॅक्सची रक्कम, पार्किंग परमिट, आणि मुलं असतील तर शाळा. शाळेची जागा शेजारच्या बरोत हवी असली तरी अर्ज आपण जिथे राहतो त्याच काउन्सिलकडे करायचा, सेकंडरीसाठी ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि प्रायमरीच्या रिसेप्शनसाठी, म्हणजे अगदी पहिल्या वर्गासाठी, १५ जानेवारीपर्यंत. या तारखा चुकल्या की उरलेल्या जागांतून मिळेल ती घ्यावी लागते. टॅक्सचं गणित अजब आहे, घराचा बँड, म्हणजे टॅक्सचा गट, अजूनही १ एप्रिल १९९१ ला त्याची काय किंमत आली असती त्यावरून ठरतो. घरात एकटेच मोठे असाल तर २५ टक्के सूट मागून घ्या, आणि घरात सगळे फुल-टाइम स्टुडंट असतील तर टॅक्स माफ.

आता हे हॅरो झालं कसं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की कुठल्या भागात काय मिळेल याचा अंदाज येतो. मूळ गाव टेकडीवरचं, तिथलं सेंट मेरी चर्च १०९४ चं आणि हॅरो स्कूल १५७२ चं (आपले नेहरू तिथलेच, चर्चिलही). खाली सगळी तेव्हाच्या मिडलसेक्स काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) शेतं. १८८० मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे हॅरोपर्यंत आली, आणि या कंपनीची गंमत अशी की रुळांच्या आजूबाजूची जादा जमीन विकासासाठी ठेवायची तिला मुभा होती. मग १९१५ पासून ‘मेट्रो-लँड’ नावाने जाहिराती, शहरात नोकरी करा आणि हिरवळीत राहा. आज पिनर, नॉर्थ हॅरो, रेनर्स लेनला रांगेने जी सेमी-डिटॅच्ड (एका भिंतीने जोडलेली जोड) घरं दिसतात ती बहुतेक त्या दोन महायुद्धांच्या मधली, पुढे बाहेर आलेली गोलसर बे विंडो, दाराच्या वरच्या काचेत रंगीत नक्षी, मागे लांब बाग. दिसायला झकास, पण भिंती जुन्या, तेव्हा घर बघताना इन्सुलेशन आणि डबल ग्लेझिंग (खिडकीला दुहेरी काच) विचाराच नाहीतर हिवाळ्यात गॅसचं बिल बघून घाम फुटेल.

हॅरोतल्याच वील्डस्टोनची तऱ्हा वेगळी. तिथे १८९१ पासून कोडॅकचा कारखाना होता, कामगार वस्ती, घरं लहान. २०१६ ला तो बंद झाला आणि त्या जागेवर आता फ्लॅट उभे राहिलेत. पहिलं घर भाड्याने घेणाऱ्याने इकडे जरूर बघावं, पिनरच्या नावामागे उगाच धावू नये असं माझं स्पष्ट मत.

१ एप्रिल १९६५ ला आजचे लंडन बरो झाले तेव्हा बाकी सगळीकडे एकाहून जास्त जुन्या काउन्सिल एकत्र केल्या, हॅरो तेवढा एकटाच हद्द न बदलता बरो झाला. जुनी मंडळी पत्त्यात अजून त्या जुन्या काउंटीचं नाव, मिडलसेक्स, लिहितात, गोंधळू नका.

आपली माणसं म्हणाल तर मुख्यतः गुजराती, त्यातले कित्येक भारतातून नाही तर केनिया-युगांडातून आलेले. युगांडातली कुटुंबं १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने ९० दिवसांत देश सोडायला लावला तेव्हाची, आता तिसरी पिढी इथलीच. त्यांना ‘तुम्ही गुजरातमधले कुठले’ असं विचारलंत तर उत्तर कंपाला मिळू शकतं. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण २ लाख ६१ हजार, त्यात हिंदू जवळजवळ २६ टक्के, इंग्लंड-वेल्समधल्या कुठल्याही काउन्सिलपेक्षा जास्त. साउथ हॅरोकडे श्रीलंकन तमिळ, स्टॅनमोरला ज्यू, अलीकडे रोमानियन बरेच. मराठी माणूस त्या मानाने विखुरलेला, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं असलं तरी त्याची वास्तू हॅरोबाहेर, डॉलिस हिलला आहे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून व्हिसावर असतानाही इथे मतदान करू शकतात, काउन्सिललाही आणि पार्लमेंटलाही. पत्ता बदलल्याबरोबर ऑनलाइन नाव नोंदवा, मतदार यादीत नाव असलं की बँकेच्या क्रेडिट चेकलाही मदत होते. मतदानाला फोटो आयडी लागतो, आपला भारतीय पासपोर्ट चालतो.